शिवकुमारची चांदीची डबी

शिवकुमारच्या गळ्यात इष्टलिंग नाही हे गुरुबसप्पांना कळलं, तो नळाचा दिवस होता.

जळकोटला त्यांच्या गल्लीत आठव्या दिवशी नळाला पाणी येतं. त्या दिवशी गल्लीत कुणाला कुणाशी बोलायला सवड नसते. शिवकुमार लातूरच्या होस्टेलातून दर महिन्याच्या सुट्टीला येतो तसा दोन दिवस घरी आला होता. भिजू नये म्हणून त्यानं शर्ट काढून दोरीवर टाकला आणि घागरी उचलायला लागला. गुरुबसप्पा ओट्यावर पाइप धरून बसले होते. पोराची पाठ आता आपल्यापेक्षा रुंद झाली, असं त्यांच्या मनात आलं आणि बरं वाटलं. तेवढ्यात पोरगा वळला. गळा मोकळा होता.

"गळ्यातलं कुठंय रे?"

"हरवलं, अप्पा."

"हरवलं म्हंजे?"

"म्हंजे... न्हाई आता."

"कवा?"

शिवकुमारनं घागर खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. "झाले की लई दिवस. सात-आठ महिने."

गुरुबसप्पांच्या हातातला पाइप हौदाबाहेर गेला आणि शेजारच्या ओट्यावरची वाळत घातलेली कुरडई भिजली. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सात-आठ महिने म्हणजे दानम्मा गेली तेव्हाच की. आई गेली आणि पोरानं महिना उलटायच्या आत तिनं बांधलेलं हरवून टाकलं.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याला इष्टलिंग, गळ्यात घालायचं लहान शिवलिंग, देतात. माणूस जिवंत आहे तोवर ते अंगावरून उतरवायचं नाही, आणि गेला की डाव्या तळहातावर ठेवून त्याच्यासोबतच मातीत द्यायचं. शिवकुमारचं इष्टलिंग चांदीच्या डबीत होतं. दोरा दानम्मानं स्वतः वळलेला. दर श्रावणात ती तो बदलायची, आणि पोराला मिसरूड फुटलं तरी त्याला पाटावर बसवून बांधायची. डबीवर नाव टाकलं होतं गुरुबसप्पांनी. मोंढ्याजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आणि भांड्यांवर नाव टाकायचं मशीन आहे. तीस वर्षांत त्यांनी तालुक्यातल्या अर्ध्या संसारांवर नावं टाकली. ज्याच्यावर नाव आहे ते हरवत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. ते गिऱ्हाइकांना तसं सांगतही असत.

आता त्यांच्याच घरातली नाव टाकलेली डबी हरवली होती. दुःख तर होतंच, पण थोडा धंद्याचाही प्रश्न होता.

"शर्ट घाल," ते म्हणाले. "बटन लाव."

बटन लाव, हे ते पोराला नेहमीच म्हणत. दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही की ते हेच म्हणत.

शिवकुमार चार वाजताच्या गाडीनं लातूरला जाणार होता. तोवर गुरुबसप्पांनी घर पालथं घातलं. पलंग ओढले, धान्याच्या कोठ्या हलवल्या, देव्हारा उतरवला. पोरगा मागं मागं फिरत म्हणत होता, "अप्पा, तिथं न्हाई ते." पण ज्यानं वस्तू हरवली त्याला ती कुठं नाही हे कसं कळणार? असं गुरुबसप्पांचं म्हणणं.

समोरच्या पार्वतम्मा भिजलेल्या कुरडईची तकरार घेऊन आल्या होत्या. कारण कळलं तशा कुरडई विसरल्या. सत्तरीच्या बाई, दानम्माची त्यांची रोजची ऊठबस.

"हौदात बघितलंस का?" त्या म्हणाल्या. "पोरं हौदावर वाकून आंघोळी करतेत. माझ्या भावाचं तसंच गेलं होतं. हौदात सापडलं."

शिवकुमार म्हणाला, "आज्जी, हौदात न्हाई पडलं."

"तुला काय मालूम? तू वाकला होतास, वर बघत होतास का?"

मुद्दा बिनतोड होता. गुरुबसप्पांनी हौदाचा बूच ओढला. आठ दिवसांनी आलेलं पाणी, दोन तास बसून भरलेलं, गल्लीतून वाहायला लागलं. लोक दारात आले. दुष्काळात जन्मलेल्या लोकांसमोर वाहतं पाणी सोडणं म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. कुणी बादली घेऊन धावलं, कुणी नुसतंच डोक्याला हात लावून उभं राहिलं. एकजण म्हणाला, "बायको गेल्यापून ठिकाणावर न्हाईत अप्पा." हळूच म्हणाला, पण गुरुबसप्पांना ऐकू आलं.

हौदाच्या तळाशी गाळ निघाला, साबणाची एक डबी निघाली, आणि एक चमचा निघाला. चमच्यावर नाव होतं: सौ. सिंधु शेषेराव.

हा चमचा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. शेषेराव शेजारीच राहतात, तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या सिंधुताईंनी कुठल्याशा कार्यक्रमाला दानम्माला सहा चमचे दिले होते आणि पाच परत आले होते. त्यावरून दोघी दोन वर्षं बोलत नव्हत्या. दानम्मानं नवा चमचा नाव टाकून दिला तरी सिंधुताईंनी घेतला नाही. प्रश्न चमच्याचा नाही, असं त्या म्हणत. आता तो चमचा गाळासकट हातात धरून सिंधुताई हौदाच्या कडेला खालीच बसल्या.

"मी उगंच बोलले हो तिला," त्या म्हणाल्या आणि पदरानं चमचा पुसत राहिल्या.

गुरुबसप्पांना काय बोलावं कळेना. शिवकुमारच्या शर्टाकडं बघितलं तर सगळी बटनं लावलेली होती. त्यामुळं ते गप्पच बसले.

चारच्या गाडीला पोराला बसवून आल्यावर ओट्यावर बैठक भरली. शेषेराव, पार्वतम्मा आणि गुरुबसप्पा. विषय असा की अठरा वर्षांच्या पोराला गळ्यातली वस्तू सांभाळता येत नाही, तर हा मोठा कधी व्हायचा?

"मोठा झालाच की," शेषेराव म्हणाले. "मागच्या महिन्यात मीच त्याचा मतदार यादीचा फॉर्म भरला. यादीत नाव आलं की सरकारच्या लेखी माणूस मोठा."

"सरकारच्या लेखी मी दोन वर्षं मयत होते," पार्वतम्मा म्हणाल्या. "निराधारची पगार बंद केली होती माझी. त्या यादीचं सांगू नका मला."

शेषेरावांनी विषय बदलला. तेव्हा ते तहसिलीतच होते.

गुरुबसप्पांनी आपलं आठवून बघितलं. आपण कधी मोठे झालो? मिशी आली तेव्हा वडिलांनी काही म्हटलं नाही. लग्न झालं तरी वडील गिऱ्हाइकासमोर 'ए बारक्या' म्हणत. मग एक दिवस वडिलांनी काही न बोलता दुकानाची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः मागं बाकावर जाऊन बसले. तो दिवस धरायचा तर ते चौतिसाव्या वर्षी मोठे झाले. पण हे त्यांनी बैठकीत सांगितलं नाही. विषय पोराचा होता.

"मोठं-बिठं जाऊ दे," पार्वतम्मा म्हणाल्या. "बारावीची परीक्षा, डॉक्टरकीची परीक्षा, दोन्ही तोंडावर. पोराला मोकळ्या गळ्यानं बसवू नको. नवं घे आन् दीक्षा करून टाक. वाटल्यास माहूरच्या आईलाबी नवस बोल एक."

"आपण शिवाचे. माहूरला कशाला?"

"दोन ठिकाणी अर्ज केलेला चांगला असतो. विचार शेषेरावाला."

शेषेरावांनी मान डोलावली. त्यांच्या नोकरीतला सारा अनुभव तोच होता.

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा संगमेश्वर स्वामींकडं गेले. गावातली सगळी कार्यं हे स्वामीच करतात. शिवकुमारला पहिलं इष्टलिंग त्यांनीच दिलं होतं, आणि दानम्माला मातीही त्यांनीच दिली. गुरुबसप्पा शरणार्थ म्हणून पायांवर टेकले आणि सगळं सांगितलं. स्वामी ऐकत सुपारी कातरत होते. मध्येच त्यांचा अडकित्ता थांबला.

"हरवलं म्हणला का पोरगा?"

"हाव."

"कसं ते सांगितलं का?"

"कसलं सांगतो. तोंड शिवल्यासारखं करून राहिला."

स्वामी पुन्हा सुपारी कातरायला लागले. "त्याला नीट विचार आधी. रागानं नको."

"विचारून काय सापडणार हाय? तुमी तारीख द्या स्वामी."

"देतो की. तारखेचं काय. पण विचार."

असं तीन वेळा झालं. गुरुबसप्पांना वाटलं, स्वामी भाव खाताहेत. तीस वर्षांत स्वामींच्या घरच्या एकाही भांड्यावर नाव टाकायचे पैसे घेतले नव्हते, आणि हे साधी तारीख देईनात. शेवटी स्वामींनी पुढचा सोमवार दिला, सकाळी सातचा. दीक्षेला आईबापांनी जोडीनं बसायचं असतं. आईच्या जागी कोण, हे दोघांनीही काढलं नाही.

आता पोराला रविवारी घरी आणायचं होतं. गुरुबसप्पांनी बुधवारी दुकान बंद ठेवलं आणि उदगीरवरून लातूरची गाडी धरली. जाताना वाटेत त्यांना दुसरी कल्पना सुचली. नवी दीक्षा घ्यायची ती घेऊच, पण होस्टेलात एकदा शोधायला काय हरकत आहे? पोरगा आठ महिने तिथंच तर राहतो. त्यांनी पिशवीतला कागद काढला आणि गाडीतच जाहिरात लिहिली. होस्टेलच्या फळ्यावर ती त्यांनी स्वतःच्या हातानं लावली:

"चांदीची डबी हरवली आहे. आणून देणाऱ्यास तीन कप्प्यांचा स्टीलचा टिफिन बक्षीस. टिफिनवर नाव मोफत टाकून मिळेल."

त्या होस्टेलात चारशे पोरं राहतात आणि चारशेही मेसच्या जेवणाला बेजार आहेत. तासाभरात सातजण डब्या घेऊन आले. एकाची कंपासपेटी होती. एकाची दंतमंजनाची. एकानं कानातल्या यंत्राची पांढरी डबी आणली होती आणि ती चांदीचीच आहे असं तो शपथेवर सांगत होता. एका नांदेडच्या पोरानं तर आपल्याच आजीची तपकिरीची डबी पुढं केली आणि म्हणाला, "काका, ही तुमची नसली तरी टिफिनवर 'रोहित' टाका."

शिवकुमार वर्गातून आला आणि फळ्याकडं बघून त्याचा चेहरा पडला.

"अप्पा, काढा ते."

"का काढू? तुझ्या आईनं बांधलेलं हाय ते. तुला काय वाटत न्हाई?"

पोरगा पुढं झाला. कागद फळ्यावरून काढला, नीट घडी केली आणि बापाच्या हातात दिला. "इथं हरवलंच न्हाई ते. सापडणार न्हाई."

"मग कुठं हरवलं?"

"तिकडं."

"तिकडं म्हंजे?"

तेवढ्यात पुढच्या वर्गाची घंटा झाली. शिवकुमार म्हणाला, "अप्पा, तुमी जेवून घ्या. उन्हाचं निघू नका." आणि गेला.

गुरुबसप्पा कागदाची घडी हातात धरून उभे राहिले. जेवून घ्या, उन्हाचं निघू नका. हे दानम्माचं बोलणं होतं. ती गेल्यापासून त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. आता हरवाहरवी करणारं पोरगं त्यांना म्हणून गेलं. राग करावा की काय करावं हे न ठरल्यामुळं ते रजेच्या कामाला लागले.

होस्टेलचे व्यवस्थापक रविकांत सर म्हणजे भला माणूस. त्यांनी पाणी दिलं, संगणक उघडला.

"कारण काय लिहू काका? यात तीनच आहेत. आजारपण, सख्ख्या भावंडाचं लग्न, जवळच्या नातेवाइकाचं निधन."

"इष्टलिंगाची दीक्षा."

सरांनी वर-खाली शोधलं. "ते नाही. 'इतर' टाकतो. 'इतर'ला पालकाची संमती लागते."

"मी पालकच हाय. समोर बसलोय."

"तुम्ही समोर आहात हो, पण संमती फोनवर येते. पालकाच्या नंबरवर ओटीपी जातो. तो सांगा."

"पोरगा अठराचा झाला की. त्यालाच विचारा."

"झाला ना. सज्ञान आहे तो. मत देऊ शकतो, गाडी चालवू शकतो. पण गेटबाहेर जायला पालकाचा ओटीपी लागतो." सरांनी बटन दाबलं. "हं, पाठवला. आला का?"

गुरुबसप्पांनी फोन काढून बघितला. "न्हाई."

"आता?"

"न्हाई."

सरांनी तिसऱ्यांदा पाठवला. गुरुबसप्पा फोन उंच धरून खिडकीपाशी गेले, व्हरांड्यात गेले, कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा जिन्यावर चढून आले. सर म्हणाले, "नंबर बघा बरं. शेवटी एक्केचाळीस आहे ना?"

गुरुबसप्पा हळूहळू येऊन खुर्चीवर बसले.

"तो तिचा हाय," ते म्हणाले. "पोराच्या आईचा."

"मग त्यांना फोन लावून विचारा की."

गुरुबसप्पांनी फोन खिशात ठेवला. मग सरांना आठवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माफ करा काका. नंबर बदलू आपण. पण नंबर बदलायलाही जुन्या नंबरवर ओटीपी जातो."

"आन् जुन्या नंबरवालं माणूस वारलं असलं तर?"

"मग मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि मुख्य कार्यालयाची मंजुरी. पंधरा दिवस."

"ती वारली तवा पोराला सोडलंतच की. मामा येऊन घेऊन गेला."

"ते 'निधन'मध्ये बसलं. त्याला ओटीपी नाही लागत."

सर हे अगदी वाईट वाटून म्हणाले. नियम त्यांनी केला नव्हता.

परतीच्या गाडीत गुरुबसप्पांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपले नव्हते. दानम्माचा नंबर चालू होता. तो बंद पडू नये म्हणून ते आठ महिने त्यात पैसे भरत होते. मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं एकदा विचारलं होतं, "कुणाचा हाय हा नंबर?" ते म्हणाले होते, "घरातला." त्यावर कुणी फोन करत नव्हतं. त्यांनी स्वतःही केला नव्हता. का भरत होते, हे त्यांना सांगता आलं नसतं. फोन मात्र निळ्या पिशवीत होता. नांदेडच्या दवाखान्यातून आणलेली ती पिशवी तेव्हापासून कपाटावर होती. दर सोमवारी ते कपाटावरची धूळ पुसत, पिशवीच्या कडेकडेनं.

गुरुवारी सकाळी त्यांनी दुकानाला जायच्या आधी पिशवी खाली काढली. चार्जर शेषेरावांकडून आणला होता. शेषेराव म्हणाले होते, "मी येऊ का सोबत?" ते म्हणाले, "कशाला? पिशवी काय, एवढीशी हाय."

पिशवीची चेन अडकली होती, ती मेण लावून सोडवली. वर शाल होती. मग फणी, केसांसकट. अर्धा बिस्किटांचा पुडा. फाइल. फोन. आणि तळाशी एक खाकी पाकीट, तोंड बंद केलेलं. पाकिटावर दवाखान्याचा छापील मजकूर होता: रुग्णाच्या अंगावरील वस्तू. त्याखाली पेनानं लिहिलेलं: चांदीची डबी, एक. त्याखाली: मिळाली. आणि त्याखाली गुरुबसप्पांची सही.

सही त्यांचीच होती. त्या दिवशी त्यांनी कितीतरी कागदांवर सह्या केल्या होत्या. स्कॅनचा फोटो काढायला आत नेताना अंगावरचं सगळं काढावं लागतं, असं सिस्टर म्हणाली होती. पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी पाकीट फाडलं. डबी हातात पडली. नावातल्या पहिल्या अक्षराचा काना तिरका गेला होता. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी ते टाकलं होतं आणि ती समोर बसून बघत होती, म्हणून हात हलला होता. दानम्मा.

ते पलंगावर बसले. डबी इथं होती, तर मातीत तिच्या हातावर काय होतं?

मग त्यांना तो दिवस आठवला. आतापर्यंत तो दिवस त्यांना तुकड्यातुकड्यानं आठवत असे, आता मधला तुकडा सापडला. रीतीप्रमाणं खड्ड्यात तिला बसवलं होतं. स्वामींनी हात पुढं करून विचारलं, "इष्टलिंग?" सगळे गुरुबसप्पांकडं बघायला लागले. ते उगाच खिसे चाचपत राहिले. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात शिवकुमार चिंचेच्या झाडामागं गेला आणि लगेच परत आला. त्यानं स्वामींच्या हातात डबी ठेवली. म्हणाला, "माझ्यापाशी दिलं होतं आईनं." स्वामींनी डबी बघितली, पोराकडं बघितलं, आणि मंत्र सुरू केला. गुरुबसप्पांना हायसं वाटलं होतं. पोरानं लक्षात ठेवलं, असं वाटलं होतं. आणि त्यांनी पोराच्या शर्टाचं वरचं बटन उघडं बघून, सगळ्या लोकांत, तिच्या मातीपुढं म्हटलं होतं, "बटन लाव."

त्यानं लावलं होतं.

फोन चार्ज होऊन चालू झाला आणि वाजायलाच लागला. मागच्या महिन्याभराचे निरोप होते. त्याआधीचे वाटेतच कुठं विरून गेले असतील. सगळे होस्टेलातून आलेले, कालचे तीन ओटीपी सोडले तर सगळे सारखे. "आदरणीय दानम्मा, आपला पाल्य शिवकुमार आज वर्गात हजर आहे." रोज एक. गुरुबसप्पांनी सगळे वाचले. एकही दिवस गैरहजर नव्हता.

त्यांनी आपल्या फोनवरून रविकांत सरांना फोन लावला. सरांनी बटन दाबलं. दानम्माचा फोन थरथरला.

"आला का काका?"

"आला."

"सांगा."

गुरुबसप्पांना आकडे दिसत होते, पण तोंडातून निघेनात.

"काका, सावकाश सांगा, पण दहा मिनिटांत सांगा. नंतर तो चालत नाही."

त्यांनी एकेक आकडा सांगितला.

दुपारी दुकान न उघडता ते स्वामींकडं गेले. डबी समोर ठेवली. स्वामींनी अडकित्ता खाली ठेवला.

"मी नाव वाचलं होतं तवाच," स्वामी म्हणाले. "दहाव्याला आला होता पोरगा माझ्याकडं. म्हणला, अप्पाला सांगू नका. त्यांनी दवाखान्यात कुठं ठिवलं असंल, त्यांना कळलं तर जल्मभर स्वतःला खात बसतील."

"आन् मी हौद रिकामा केला," गुरुबसप्पा म्हणाले.

"ऐकलं मी. माझ्या दारापोत्तर आलं होतं पाणी." स्वामी जरासे हसले. "सोमवारी येतो मी. दीक्षेत पोराला चार गोष्टी सांगायच्या असतेत. ह्याला काय सांगावं, माझं मलाच कळंना झालंय."

गुरुबसप्पांनी डबीकडं बोट केलं. "हिचं काय करू? त्यालाच बांधली तर?"

"न्हाई. ज्याचं त्याचं असतंय ते. एकाचं दुसऱ्याला चालत न्हाई. वाहत्या पाण्यात सोड."

"त्यानं दिलेलं तिला चाललं का मग?"

स्वामींनी अडकित्ता परत उचलला. "ते मला इचारू नको," ते म्हणाले. "आई हाय ती. चालवून घेतलं असंल."

रविवारी दुपारी शिवकुमार आला. पाठीवरची पिशवी उतरवताना त्याची नजर कपाटावर गेली. तिथं धुळीचा चौकोन होता, पिशवी नव्हती. तो थांबला.

"पिशवी काढली का अप्पा?"

"हाव. फोन पाहिजे होता. ओटीपीला."

"अजून काय निघालं?"

"फणी. शाल. बिस्किटं मऊ पडली होती."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पोराच्या शर्टाचं वरचं बटन उघडं होतं. गुरुबसप्पांनी ते बघितलं आणि राहू दिलं.

"जेवलास का?" ते म्हणाले.

"तुमी?"

"तुझ्यासाठी थांबलो."

जेवण झाल्यावर त्यांनी त्याला दुकानात नेलं. नवी चांदीची डबी मशीनखाली ठेवली आणि स्वतः बाजूला झाले. पोरगा म्हणाला, "तुमी टाका की." ते म्हणाले, "तूच टाक. हात हलला तरी हरकत न्हाई." आणि मागं बाकावर जाऊन बसले, जिथं त्यांचे वडील बसत. शिवकुमारनं जीभ बाहेर काढून नाव टाकलं. शेवटचं अक्षर मावेना, ते कडेला चेंगरून बसलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक घागर घेऊन आलं आणि म्हणालं, "मालक, नाव टाकायचं होतं." गुरुबसप्पा उठले नाहीत. गिऱ्हाईक शिवकुमारकडं बघून बोलत होतं.

सोमवारी सातला दीक्षा झाली. आईच्या जागेवर पार्वतम्मा बसायला आल्या, तर तिथं आधीच सिंधुताई येऊन बसल्या होत्या. थोडी तकरार झाली. शेवटी दोघी बसल्या, एका पाटावर, अर्ध्या अर्ध्या. स्वामींनी इष्टलिंग शिवकुमारच्या तळहातावर ठेवलं. दोरा कुणी बांधायचा असा प्रश्न आला तेव्हा गुरुबसप्पांनी बांधला. गाठ त्यांना नीट आली नाही. पोरानं मान वाकवून ठेवली होती, जमेपर्यंत.

दानम्माची डबी देव्हाऱ्यात आहे. ती वाहत्या पाण्यात सोडायची आहे. स्वामींनी सांगून तीन महिने झाले, नदीला पाणीही होतं. गुरुबसप्पांनी ती अजून सोडलेली नाही.